गिरणगावातील कामगारांचे शिक्षण आणि कौशल्य : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

एखाद्या परिसरातील श्रमशक्तीच्या शिक्षणाचा विचार करताना पदवी, पदविका आणि प्रमाणपत्र हे निकष सामान्यतः ग्राह्य धरले जातात. ज्याच्यापाशी यांपैकी काहीही नाही, त्याची गणना 'अशिक्षित' किंवा 'अकुशल' या वर्गात होते. तथापि प्रमाणपत्र नसणे म्हणजे शिक्षण नसणे काय, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक ठरतो. गिरण्यांत तंत्रज्ञानाचे शिक्षण दोन वाटांनी पोहोचले. एक वाट संस्थेची होती, तर दुसरी खात्याची. या दोन वाटा एकत्र का आल्या नाहीत आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

संस्थात्मक तंत्रशिक्षण

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली. यंत्रसामग्री इंग्लंडमधून आली आणि तिच्याबरोबर जाणकारही लँकेशायरमधून आले. त्यामुळे स्पिनिंग मास्टर, विव्हिंग मास्टर, इंजिनिअर यांसारख्या जागांवर दीर्घकाळ युरोपीयांचे प्राबल्य राहिले. हे परावलंबित्व कमी करण्याच्या दिशेने १८८७ मध्ये स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट हे महत्त्वाचे पाऊल होते. प्रारंभी भायखळ्यात असलेली ही संस्था १९२३ मध्ये माटुंग्यास गेली आणि १९९७ मध्ये तिचे 'वीरमाता जिजाबाई' असे नामांतर झाले. येथील वस्त्रनिर्मितीची एल.टी.एम. ही पदविका गिरणी व्यवसायात मानाची समजली जाई. या संस्थेतून बाहेर पडलेल्या एतद्देशीय तंत्रज्ञांनी हळूहळू युरोपीयांच्या जागा घेतल्या.

राष्ट्रीय दृष्टीने ही मोठी उपलब्धी होती, यात शंका नाही. परंतु संस्थेत प्रवेशासाठी शालेय शिक्षण आणि इंग्रजीचे ज्ञान आवश्यक होते. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेल्या बहुसंख्य कामगारांपाशी यांपैकी काहीच नव्हते. परिणामी वरच्या जागांवरील माणसे बदलली, मात्र साच्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी वर जाण्याची वाट खुली झाली नाही.

खात्यातील शिक्षण

साच्यावरील हा माणसू अशिक्षित होता असे मात्र म्हणता येणार नाही. गावाकडून आलेला तरुण भावकीतील किंवा गावातील एखाद्या कामगाराच्या ओळखीने गिरणीत शिरत असे. त्याच्या हाताखाली राहून तो तुटलेला धागा सांधणे, बॉबिन बदलणे, यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखणे या गोष्टी शिकत असे. पुढे बदली कामगार म्हणून तो गिरणीच्या दारात उभा राही आणि कालांतराने कायम होई. या शिक्षणाचा शिक्षक, परीक्षक आणि नियुक्ती अधिकारी जॉबर असे. काम शिकविणे आणि काम देणे हे दोन्ही अधिकार एकाच हाती एकवटल्याने दस्तुरी आणि पक्षपात यांना वाव मिळाला. म्हणून या पद्धतीचे उदात्तीकरण करणे योग्य ठरणार नाही.

जातीची मर्यादा तर याहून कठोर होती. साचेखात्यात वेतन तुलनेने चांगले होते. परंतु धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्यामुळे विटाळाची सबब पुढे करून अस्पृश्य कामगारांना या खात्यात शिरू दिले जात नसे. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर आग्रहाने मांडला. ज्या समाजाला शाळेचे दार बंद होते, त्याला कौशल्याचे दारही बंद असावे, ही बाब संस्थात्मक आणि खातेनिहाय अशा दोन्ही शिक्षणव्यवस्थांची मर्यादा दाखवून देते.

साक्षरतेचे प्रयत्न आणि वेतनाचे प्रमाणीकरण

ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालविली. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात औद्योगिक कामगारांमधील व्यापक निरक्षरतेकडे लक्ष वेधले. पुढे १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईतील गिरण्यांच्या वेतनाचे प्रमाणीकरण झाले. कामगारांच्या दृष्टीने हा मोठा लाभ होता. मात्र हे वेतन कामगार कोणत्या जागेवर काम करतो यावर अवलंबून होते, त्याच्यापाशी कोणते प्रमाणपत्र आहे यावर नव्हे. गिरणीच्या आत कौशल्याला दर मिळाला, पण गिरणीबाहेर त्या कौशल्याला कोणतेही नाव मिळाले नाही.

१९८२ नंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे २.५ लाख कामगार सहभागी झाले. संपानंतर असंख्य कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही आणि पुढील दोन दशकांत बहुतेक गिरण्या बंद पडल्या. वीस-पंचवीस वर्षे साचे चालविलेला कामगार नव्या नोकरीच्या शोधात निघाला, तेव्हा त्याला त्याचे शिक्षण विचारण्यात आले. या प्रश्नाला देण्यासारखे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. काहींनी भिवंडीच्या यंत्रमागांची वाट धरली, काही पहारेकरी झाले, काही फेरीवाले झाले, तर काही गावी परतले. त्यांचे कौशल्य नाहीसे झाले नव्हते, नाहीशी झाली होती ती ते कौशल्य ओळखणारी व्यवस्था.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, गिरणगावाची शोकांतिका केवळ रोजगार गेल्याची नाही. एका मोठ्या श्रमशक्तीचे ज्ञान कोठेही नोंदले गेले नाही, ही तिची दुसरी बाजू आहे. पूर्वी आत्मसात केलेल्या कौशल्याला मान्यता देण्याचे तत्त्व २०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्यात स्वीकारले गेले. संपाच्या पिढीसाठी मात्र त्याला तीन दशकांचा उशीर झाला होता.

महाविद्यालयीन अध्यापक या नात्याने आपण प्रमाणपत्रे देणाऱ्या व्यवस्थेचा भाग आहोत. विद्यार्थ्यांच्या अर्जात पालकांच्या शिक्षणासमोर 'निरक्षर' किंवा 'चौथी पास' असा शब्द आपल्याला आढळतो, तेव्हा त्या रकान्यात न मावलेले शिक्षण कोणते, हे विचारण्याची जबाबदारी आपल्यावर येते. स्थानिक श्रमशक्तीचा इतिहास लिहिताना पदव्यांच्या नोंदींबरोबरच हातांच्या ज्ञानाचीही नोंद झाली, तरच तो इतिहास पूर्णत्वाकडे जाईल.