बाळाला वेदना कळत नाहीत!

नवजात अर्भकाला वेदना जाणवत नाहीत, अशी अनेक डॉक्टरांची ठाम समजूत होती. ही गोष्ट पेशवाईतली नव्हे, १९८५ सालची आहे.

त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत जेफ्री लॉसन हे अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मले. हृदयाजवळील उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधण्यासाठी त्याची छाती उघडावी लागली. शस्त्रक्रियेपूर्वी त्याला स्नायू निश्चल करणारे औषध दिले गेले, वेदनाशामक मात्र दिले नाही. बाळाला हलता येत नव्हते, रडताही येत नव्हते. पाच आठवड्यांनी ते गेले. नंतर हे कळल्यावर त्याची आई जिल लॉसन हिने दाद मागायला सुरुवात केली, आणि १९८६ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने तिची कहाणी छापली.

डॉक्टर क्रूर होते असे नव्हे. अर्भकाचे मज्जातंतू अपरिपक्व असतात आणि भूल दिल्यास ते दगावेल, या दोन गृहीतकांवर ते विसंबून होते. त्यातली दुसरी भीती पूर्वीच्या काळात अगदीच निराधारही नव्हती. आश्चर्य एवढेच, की ही गृहीतके कोणी फारशी तपासून पाहिली नव्हती.

ती तपासली कंवलजीत आनंद यांनी. होळकरांच्या इंदुरातील महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते ऑक्सफर्डला गेले होते. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया तीच, जेफ्रीवर झालेली. सोळा बाळांपैकी आठांना नेहमीच्या भुलीसोबत फेंटॅनिल हे तीव्र वेदनाशामक दिले, आठांना दिले नाही. ज्यांना दिले नाही, त्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरके उसळली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच अधिक आढळली. त्याच वर्षी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केले की, केवळ वय कमी म्हणून भूल नाकारता येणार नाही.

भारतात अडचण वेगळीच होती. ज्या माळव्यात आनंद शिकले, तिथेच अफू पिकते आणि अफूपासून मॉर्फिन बनते. पण १४ नोव्हेंबर १९८५ रोजी (होय, बालदिनी!) अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला. कठोर शिक्षा आणि परवान्यांचे जंजाळ यांमुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. १९९७ पर्यंत देशातील त्याचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. मालाची निर्यात चालू होती. इथला रुग्ण मात्र विव्हळत होता.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९६ मध्ये वेदनाशमन व परिहार सेवा सुरू केली. पण तारापूरजवळच्या दांडीसारख्या किनारी गावातून तिथे पोहोचायचे, तर आधी बोईसर गाठायचे आणि मग शंभरेक किलोमीटर रेल्वेप्रवास करायचा, तोही कण्हणारे मूल मांडीवर घेऊन.

म्हणूनच २०१० मध्ये महाराष्ट्रात मुलांसाठी सुरू झालेला परिहार सेवेचा प्रकल्प महत्त्वाचा. त्यात मुंबईच्या शीव रुग्णालयासोबत जव्हारचे कुटीर रुग्णालयही होते. मुकणे संस्थानिकांची ही जुनी राजधानी, भोवती आदिवासी पाडे. सेवा केवळ कर्करोगाच्या मुलांपुरती नव्हती. ज्यांचा आजार बरा होणार नाही, त्या मुलांचे दुखणे तरी कमी व्हावे, हा तिचा हेतू होता.

२०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या दीर्घकालीन वेदनांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि तीव्र वेदनांवर मॉर्फिनचीच शिफारस केली. वेदनाशमनाच्या चळवळीने वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यानंतर २०१४ मध्ये संसदेने तो १९८५ चा कायदा सुधारला. आता मान्यताप्राप्त रुग्णालयाला अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची मंजुरी पुरेशी ठरली. त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार आणि दांडी, दोन्ही त्यात आली.