पोलादी कडेची कुळकथा

पार्क स्कीची कड उखडली की दुरुस्ती करणारा कारागीर एक ठरलेली कृती करतो. वाकडा झालेला भाग कापून काढतो. भंगारात गेलेल्या एखाद्या जुन्या स्कीतून तेवढ्याच लांबीचा कडेचा तुकडा मिळवतो. खाच साफ करून तिच्यात इपॉक्सी भरतो, तुकडा बसवतो आणि चपट्या डोक्याच्या बारीक स्क्रूंनी तो खालच्या लाकडात आवळतो. पोलादाचा आखूड तुकडा, लाकूड आणि स्क्रू. हीच रचना १९२६ साली ऑस्ट्रियात पेटंट झाली होती. आज कारखान्यातून निघणारी एकही पार्क स्की अशी बांधलेली नसते. पण मोडली की ती बरोबर त्याच रचनेकडे परत जाते. हा धागा हाती लागल्यापासून पार्क स्की कशामुळे टिकते आणि कशामुळे मोडते, हा प्रश्न मला वेगळाच दिसू लागला आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पार्क म्हणजे डोंगरउतारावर मुद्दाम रचलेलं कसरतींचं मैदान. उड्यांसाठी बर्फाचे उंचवटे आणि घसरण्यासाठी लोखंडी नळ्या, म्हणजे रेल. खेळाडू वेगात येतो, उडी मारून रेलवर आडवा उतरतो आणि शेवटापर्यंत घसरत जातो. बर्फासाठी केलेली वस्तू लोखंडावर घासली जाते, तीही माणसाचं सगळं वजन आणि उडीचा दणका घेऊन. स्कीच्या तळाला दोन्ही बाजूंनी पोलादाची अरुंद पट्टी असते, साधारण दोन मिलिमीटर जाडीची. दणकट पार्क स्कीत ती अडीचपर्यंत जाते. पहिला घाव ती झेलते. ती तडकली, त्यातून पाणी आत गेलं की लाकडी गाभा फुगतो, थर सुटतात आणि स्की संपते. पार्क स्कीच्या टिकाऊपणाची चर्चा शेवटी या पट्टीपाशीच येते.

ही पट्टी आणली रुडॉल्फ लेटनर यांनी. साल्झबुर्गच्या परिसरातले हे गृहस्थ व्यवसायाने हिशेबनीस, आवडीने गिर्यारोहक. डिसेंबर १९१७ मध्ये टेनेनगेबिर्ग या डोंगररांगेत कडक, गोठलेल्या उतारावर त्यांच्या लाकडी स्की घसरू लागल्या. झिजून गोल झालेल्या लाकडी कडा बर्फाला पकडेनात. हातातल्या काठीचं पोलादी टोक बर्फात रुतलं, म्हणून ते थांबले. जिथे लाकूड हरलं तिथे पोलाद टिकलं, तर तेच पोलाद स्कीच्या कडेला का नको, असा त्यांचा सरळ हिशेब. पेटंट मिळेपर्यंत १९२६ साल उजाडलं. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या स्पर्धकांनी या कडा लावल्या आणि कडक बर्फावरच्या शर्यतींचं रूप पालटलं.

इथे एक जुना दावेदार उभा राहतो आणि त्याला सहज बाजूला सारता येत नाही. १८८८ मध्ये नॉर्वेचे शोधप्रवासी फ्रिट्यॉफ नानसेन आणि त्यांच्या पाच साथीदारांनी ग्रीनलंडचा बर्फ पूर्वेकडून पश्चिमेकडे स्कीवरून ओलांडला. त्यांच्या बर्चच्या स्कींच्या तळाला पोलादाचे पातळ पत्रे ठोकलेले होते. म्हणजे लाकडी स्की आणि पोलाद यांची गाठ लेटनर यांच्या पेटंटच्या अडतीस वर्षं आधीच पडली होती. मग मान नानसेन यांना द्यायचा का?

माझं उत्तर ठाम आहे: नाही. नानसेन यांना पत्रा हवा होता तो घसरण्यासाठी. जाड दाण्याच्या ओल्या बर्फावर लाकूड अडतं, पत्रा सरकतो, ही त्यांची गरज. लेटनर यांची गरज नेमकी उलटी, त्यांना थांबायचं होतं. एकाचं पोलाद तळ झाकतं, दुसऱ्याचं कड धरतं. धातू तोच असला तरी कुळ वेगळं.

दुसरा दावा जास्त चिवट आहे. त्याप्रमाणे कडेचा जन्म पकडीसाठी झालाच नाही, लाकूड झिजू नये म्हणून झाला. बैलगाडीच्या चाकाला लोहार लोखंडी धाव चढवतो, कारण नुसतं लाकूड रस्त्यावर टिकत नाही. स्कीच्या कडेचंही तसंच, असं हा पक्ष म्हणतो. पोलाद येण्याआधी आणि नंतरही कडेला कठीण लाकडाच्या पट्ट्या लावल्या जात. नॉर्वेत दाबून घट्ट केलेल्या बीच लाकडाच्या, लिग्नोस्टोन नावाने विकल्या जाणाऱ्या पट्ट्या बराच काळ चालल्या. पितळेच्या कडाही होत्या. पितळ मऊ असतं, कडक बर्फात ते फारसं रुतत नाही. तरीही लोक ते लावत होते, म्हणजे राखण हाच हेतू असला पाहिजे, असा हा युक्तिवाद.

तो मला अर्धाच पटतो. झीज आणि पकड या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. लेटनर घसरले तेही कड झिजली होती म्हणूनच. पण धाव आणि कड यांच्यात एक मोठा फरक आहे. धाव तापवून चढवली की थंड होताना आवळते आणि चाकाला कायमची जखडते. चाकाला वाकायचं नसतं. स्कीला मात्र वाकावंच लागतं. वाकली नाही तर ती वळतच नाही. लाकूड झाकायचं एवढंच काम असतं तर लेटनर यांनी लांबच लांब एक पट्टी ठोकून दिली असती. त्यांनी तसं केलं नाही, आणि माझ्या मते त्यांची खरी कमाई यातच आहे.

त्यांची कड तुकड्यातुकड्यांची होती. पोलादाचे आखूड तुकडे एकापुढे एक, प्रत्येक आपापल्या स्क्रूंनी लाकडात बसवलेला. स्की वाकली की तुकड्यांमधल्या फटी किंचित उघडत, सरळ झाली की मिटत. स्कीच्या वाकण्यात पोलाद आड येत नसे. या पद्धतीचा त्रासही होता. लाकडात ओल गेली की स्क्रू ढिले होत, तुकडे गळून पडत. म्हणून त्या काळचे स्कीपटू खिशात सुटे तुकडे, स्क्रू आणि पेचकस बाळगत.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९३० च्या दशकात जलरोधक सरसाने चिकटवलेल्या थरांच्या स्की आल्या. १९४७ ते १९५० या काळात बाल्टिमोरच्या मार्टिन विमान कंपनीतला अभियंता हॉवर्ड हेड याने विमानाच्या तंत्राने ॲल्युमिनियम आणि लाकूड चिकटवून स्की केली. पहिले नमुने एकामागोमाग एक मोडले, तरी त्याने सोडलं नाही. १९५० च्या दशकात तळाला पॉलिइथिलीन आलं, १९६० च्या सुमारास काचतंतू. १९९० च्या दशकाच्या अखेरीस माइक डग्लस आणि त्याच्या कॅनेडियन मित्रांच्या आग्रहातून सालोमॉन कंपनीने दोन्ही टोकं वर वळलेली टेन-एटी ही स्की बाजारात आणली आणि स्कीपटू पार्कमध्ये शिरले. २०१४ मध्ये सोची इथे स्लोपस्टाइल, म्हणजे उड्या आणि रेल यांवरच्या कसरतींची स्पर्धा, ऑलिम्पिकमध्ये गेली.

या धावत्या यादीत जी गोष्ट हळूच घडली तिच्यावर कोणी बोट ठेवत नाही. चिकटवलेल्या स्कीत कड एकसंध झाली. एक अखंड पट्टी, तिच्या आतल्या बाजूला दात किंवा भोकं, आणि ते दात थरांच्या मधे पुरलेले. स्क्रू गेले, फटी गेल्या. पोलाद, काचतंतू आणि प्लास्टिक तापमानाने आणि वाकण्याने वेगवेगळे ताणले जातात, म्हणून पट्टीला लागून रबराची पातळ फीत ठेवतात. ती नसेल तर चिकट जोड लवकर सुटतो. चांगल्या बांधणीची पार्क स्की ओळखायची असेल तर वरचं चित्र सोडून या न दिसणाऱ्या फितीबद्दल आणि पट्टीच्या जाडीबद्दल विचारावं.

अखंड पट्टीने शर्यतीच्या स्कीचं भलं केलं. धार सलग झाली, काहीच गळून पडेना. पण एक बदल सोबत आला: पट्टी आता स्कीच्या वाकण्याचा भार वाहू लागली. उडीवरून उतरताना स्कीची टोकं वर आणि मधला भाग खाली जातो, तेव्हा तळाची बाजू ताणली जाते. कड सगळ्यांत खाली, म्हणून ताण तिथे सर्वाधिक. लेटनर यांच्या तुकड्यांना हा लांबीचा ताण कधी सोसावाच लागला नव्हता.

आता रेल आणा. पट्टी का तडकते, याची तीन उत्तरं मिळतात.

पहिलं उत्तर जाडीचं: पट्टी बारीक, म्हणून तडकते, जाड करा. यात तथ्य आहे. अडीच मिलिमीटरची पट्टी दोनच्या पट्टीपेक्षा जास्त टिकते आणि कानशीने जास्त वेळा घासता येते. पण जाड पट्ट्याही तडकतात, फक्त उशिरा.

दुसरं उत्तर लोहारकामाचं, आणि ते मला फार आवडतं. पोलाद पोलादावर जोरात घासलं की स्पर्शाच्या जागी क्षणभर भयंकर तापतं आणि लगेच आजूबाजूच्या गार धातूमुळे निवतं. नकळत पाणी दिल्यासारखं होतं. पृष्ठभागावर काचेसारखी कडक, ठिसूळ कातडी तयार होते. दुरुस्तीच्या बाकावर याचा पुरावा रोज मिळतो: अशा जागेवरून कानस नुसती निसटते, चावत नाही, आणि आधी हिऱ्याच्या दगडाने ती कातडी काढावी लागते. या पक्षाचं म्हणणं असं की तडा या कातडीतूनच सुरू होतो.

सुरू होतो, मान्य. पण तो पट्टीच्या आरपार कसा जातो? तिसरं उत्तर माझं. रेल फक्त खाच पाडते. तोडते ती उडी. रेलच्या घावाने पट्टीवर बारीक, कडक तोंडाची खाच बनते. नंतर दर उतरणीला तीच पट्टी ताणली जाते आणि ताण त्या खाचेच्या टोकाशी एकवटतो. असं पुन्हा पुन्हा होऊन एक दिवस तडा आरपार जातो. तडे बघा: ते जवळजवळ नेहमी आडवे असतात, लांबीशी काटकोनात, ताणाने तुटलेल्या वस्तूचे असतात तसे. केवळ घासण्याने पट्टी मेली असती तर ती चेपली असती, सोलवटली असती. आणि सर्वांत बोलका पुरावा म्हणजे, अनेक स्कीपटू एकाच कडेवर ओळीने पडलेले तडे घेऊन पुढचा हंगामही काढतात. तडा पडला की तिथला ताण सुटतो. तुकडा उखडत नाही तोवर स्की चालते. स्कीने स्वतःच्या अखंड कडेचे लेटनर यांच्यासारखे तुकडे करून घेतलेले असतात.

यावर आक्षेप येतो की बुटाखाली स्की सर्वांत कमी वाकते, मग तडे तिथेच का जास्त? कारण खाचा तिथे जास्त. खाच आणि ताण दोन्ही लागतात. बुटाखाली ताण थोडा पण खाचा भरपूर, टोकांकडे ताण आहे पण खाचा नाहीत. पार्कमध्ये जाणकार लोक बुटाखालची धार मुद्दाम बोथट करतात ती रेलवर अडू नये म्हणून. पण गोल केलेल्या कोपऱ्यावर खाच पडणंही अवघड होतं, आणि टिकाऊपणासाठी मला हाच फायदा मोठा वाटतो.

कडेचे तुकडे करण्याची कल्पना मधल्या काळातही मेली नव्हती. काही कारखाने अखंड पट्टीला ठरावीक अंतरावर मुद्दाम बारीक चिरा देत. मऊ बर्फासाठी स्की लवचीक राहावी, हा त्यामागचा हेतू. पुढे काचतंतूंच्या थरांनी लवचीकपणा हवा तसा ठरवता येऊ लागला आणि चिरा मागे पडल्या. त्या मागे पडल्या तेव्हा पार्क नव्हते, रेल नव्हती; तुकड्यांची कड ताणाने तुटत नाही, हा तिचा गुण तेव्हा कोणाच्या कामाचाच नव्हता.

म्हणून मला वाटतं, पार्क स्की करणाऱ्यांनी पट्टी अजून जाड करत बसण्याआधी बुटाखालच्या भागात या चिरा पुन्हा देऊन पाहाव्यात. पाणी शिरेल, हा आक्षेप खरा आहे. पण आतल्या बाजूचे दात अखंड ठेवून फक्त उघडी धार चिरली आणि फट लवचीक इपॉक्सीने भरली, तर पाण्याचा रस्ता आजच्या बेशिस्त तड्यापेक्षा अरुंदच राहील. कड सलग न राहिल्याने कडक बर्फावरची पकड थोडी उणावेल, हेही खरं. पण पार्कमधला माणूस ती पकड बुटाखाली कानशीने आपण होऊनच घालवतो.