अग्निपिंडाची तंत्रिका-अंतःस्रावी अर्बुदे : लसीका ग्रंथी व अवस्था-निर्धारण

अग्निपिंडातील अंतःस्रावी द्वीपकांचे वर्णन पाउल लांगरहान्स यांनी प्रथम केले (१८६९). या द्वीपकांतील इन्शुलीन स्रवणाऱ्या मारक अर्बुदाचे उदाहरण वाइल्डर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. अशी अर्बुदे बहुधा सावकाश वाढत असल्याने लसीका ग्रंथींतील प्रसाराचे महत्त्व दीर्घकाळ वादग्रस्त राहिले. अमेरिकन संयुक्त कर्करोग समितीच्या २०१० च्या सातव्या अवस्था-पुस्तिकेत ग्रंथींत पसरलेले, परंतु मोठ्या रोहिण्यांत न शिरलेले अर्बुद ‘दोन-ब’ अवस्थेत गणले होते. २०१७ च्या आठव्या आवृत्तीने ते, दूरस्थ प्रक्षेप नसल्यास, तिसऱ्या अवस्थेत घातले. पुरेशा ग्रंथी काढून तपासल्या नाहीत, तर प्रसार नजरेआड राहून रोगाची अवस्था प्रत्यक्षाहून सौम्य ठरण्याचा संभव असतो. त्यामुळे पूर्वानुमानाची विश्वसनीयता शस्त्रक्रियेइतकीच विकृतिवैज्ञानिक तपासणीवरही अवलंबून असते.