निसर्गचित्राचे भिंग

डोंगराला घाई नसते. माणसाला मात्र फार वेळ निश्चल बसवत नाही. छायाचित्रणातील भिंगांचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास या एका साध्या भेदातून उलगडून दाखविता येतो. ज्याला माणसाचा चेहरा टिपावयाचा होता, त्याला अधिकाधिक प्रकाश आत घेणारे वेगवान भिंग हवे होते. ज्याला डोंगर, नदी आणि आकाश टिपावयाचे होते, त्याला प्रकाशाची फारशी ददात नव्हती; त्याला हवी होती ती चित्राच्या मध्यापासून चारी कोपऱ्यांपर्यंत सारखीच रेखीव प्रतिमा. पैसा आणि कीर्ती ही बहुधा पहिल्याच्या मागे धावली. दुसऱ्याच्या वाट्याला साधी, संथ आणि म्हणूनच स्वस्त भिंगे आली. मुंबईच्या चोर बाजारात किंवा दिल्लीच्या चांदणी चौकात एखादे जुने भिंग हाती घेऊन जो तरुण आज मनाशी हिशेब करीत उभा असतो, त्याच्यापुढे नकळत हाच जुना प्रश्न उभा असतो.

या कथेचा आरंभ छायाचित्रणाच्याही आधी होतो. चित्रकार ज्या अंधाऱ्या पेटीत समोरच्या देखाव्याची प्रतिमा पाडून ती गिरवीत, त्या पेटीसाठी विल्यम हाइड वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१२ साली एक सुधारणा सुचविली. एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने खोलगट असे एकच भिंग घ्यावे, त्याची खोलगट बाजू देखाव्याकडे ठेवावी आणि पुढे लहान छिद्राची चकती बसवावी, एवढीच ती युक्ती होती. तेवढ्याने चित्राच्या कडा पुष्कळच सुधारल्या. १८३९ साली दागेरची छायाचित्रणाची रीत पॅरिसमध्ये जाहीर झाली, तेव्हा त्याच्या कॅमेऱ्यासाठी शार्ल शेव्हालिये याने वोलास्टनचीच कल्पना पुढे नेली. दोन प्रकारच्या काचा एकमेकींस चिकटवून त्याने रंगांची फाटाफूट आवरली. हे भिंग अत्यंत मंद होते. एका चित्रास कित्येक मिनिटे लागत. इमारती आणि टेकड्या ते सोशीत. माणसे सोशीत नसत. त्या भिंगाच्या वंशाला ‘निसर्गचित्राचे भिंग’ हेच नाव पडले, ते याच कारणाने.

माणसाला खुर्चीत फार काळ खिळवून न ठेवता त्याचे चित्र घेता यावे, यासाठी व्हिएन्नाचे गणिती योसेफ पेट्झव्हाल यांनी १८४० साली अगदी वेगळे भिंग आखले. त्या काळी भिंगाचा आराखडा म्हणजे आकडेमोडीचा डोंगर. ती आकडेमोड करण्यासाठी ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील हिशेबात तरबेज सैनिक त्यांच्या दिमतीला देण्यात आले होते. फोइग्टलेंडर यांच्या कारखान्यात तयार झालेले हे भिंग शेव्हालियेच्या भिंगापेक्षा पंधरा-वीस पटींनी अधिक प्रकाश घेई. मिनिटांचे काम सेकंदांवर आले आणि युरोपभर छायाचित्रांची दुकाने उघडली. पण या वेगाची किंमत चित्राच्या कडांनी मोजली. मध्यभागी चेहरा सुरेख उतरे, कोपरे मात्र विरघळून जात. चेहऱ्याच्या चित्रात तो दोष गुणासारखा शोभला. डोंगररांगेच्या चित्रात तो दोषच राहिला.

हिंदुस्थानात ही कला फार लवकर आली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या काळातील एक जाणते छायाचित्रकार होते. १८६३ साली येथे आलेला सॅम्युएल बोर्न हा इंग्रज हमालांच्या तांड्यासह काचेच्या पट्ट्या, रसायने आणि काळोखाचा तंबू घेऊन तीन वेळा हिमालयात शिरला. १८६६ साली त्याने मणिरंग खिंडीत, १८,००० फुटांहून अधिक उंचीवर, कॅमेरा उभा केला. तेथे प्रकाश उदंड होता. वेगवान भिंगाचा तेथे उपयोग तो काय? बर्फाची धार कोपऱ्यापर्यंत उतरली पाहिजे, एवढीच खरी मागणी होती.

ती मागणी पुढच्या पिढ्यांनी पायरीपायरीने पुरी केली. १८६६ सालीच इंग्लंडात डॅलमायर आणि जर्मनीत श्टाइनहाइल या दोघांनी जवळजवळ एकाच वेळी, छिद्राच्या दोन्ही बाजूंस सारखी जोडभिंगे असलेली रचना केली. तिच्यामुळे सरळ रेषा सरळ राहू लागल्या. तरीही कडांवरचा ठिपका ठिपक्यासारखा न उमटता रेघेसारखा ओढला जाई. हा दोष जुन्या काचांनी जाण्यासारखा नव्हता. काचच नवी हवी होती. येना या जर्मन गावात ओटो शॉट, एर्न्स्ट आबे आणि त्साइस पितापुत्र यांनी १८८४ साली काचेची प्रयोगशाळा काढली. तेथील नव्या काचांच्या बळावर पाउल रुडोल्फ यांनी १८९० साली त्या दोषावर मात करणारे भिंग सिद्ध केले. १८९३ साली इंग्लंडात डेनिस टेलर यांनी केवळ तीन सुट्या भिंगांत तेच कार्य साधून दाखविले. आणि १९०२ साली रुडोल्फ यांचे ‘टेसार’ आले.

टेसार हे नाव ‘चार’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेले आहे. चार काचा, त्यांपैकी मागच्या दोन एकमेकींस चिकटविलेल्या. म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग सहाच. विसाव्या शतकात या रचनेइतकी नक्कल दुसऱ्या कोणत्याही भिंगाची क्वचितच झाली असेल. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याचे पुढे प्रसिद्ध झालेले एल्मार हे याच धर्तीचे होते, आणि सोव्हिएत देशातील इंडुस्टार ही तर उघडउघड त्याच कुळातील. लायकाचे चित्र २४ मि.मी. रुंदीचे आणि ३६ मि.मी. लांबीचे. त्याचा कर्ण सुमारे ४३ मि.मी. भिंगाचे केंद्रांतर चित्राच्या कर्णाच्या आसपास असले, की देखावा ना फार ताणलेला ना फार दाबलेला, स्वाभाविक वाटतो. म्हणून ५० मि.मी.च्या भिंगास ‘स्टँडर्ड लेन्स’ म्हणण्याचा प्रघात पडला. ते कॅमेऱ्यासोबतच मिळे; म्हणून ते अमाप निघाले आणि आज स्वस्त आहे.

रुडोल्फ यांनीच १८९६ साली ‘प्लानार’ नावाची सहा काचांची रचना केली होती. ती अधिक वेगवान होती. पण तिचे हवेला लागणारे पृष्ठभाग आठ. प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परततो. टेसारमधून शंभरातील अठ्ठ्याहत्तर भाग पार जात, तर प्लानारमधून जेमतेम बहात्तर. हरवलेला प्रकाश नुसता हरवत नाही. तो आतल्या आत भटकून चित्रावर धुके पसरवितो. यामुळे ती रचना बराच काळ मागे पडली. १९३५ साली त्साइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिसूक्ष्म लेप चढविण्याची रीत काढली, तेव्हा हा अडसर दूर झाला. जुन्या भिंगाच्या काचेत जी निळसर वा जांभळी झाक दिसते, ती याच लेपाची. ती नसेल, तर सूर्यासमोरच्या चित्राची आशा धरू नये.

यापुढचा अध्याय युद्धाने लिहिला. १९४५ साली येना गाव प्रथम अमेरिकन सैन्याच्या हाती आले. ते रशियनांच्या स्वाधीन करण्यापूर्वी अमेरिकनांनी त्साइसचे निवडक तज्ज्ञ पश्चिमेकडे नेले. उरलेल्या कारखान्यातील यंत्रे आणि काही माणसे पुढे रशियनांनी पूर्वेकडे नेली. एका घराण्याची दोन घराणी झाली आणि नावाच्या हक्कावरून त्यांचा दीर्घकाळ तंटा चालला. म्हणूनच काही देशांसाठी काढलेल्या पूर्व जर्मन भिंगांवर त्साइस हे नाव नसते. ‘येनाहून’ एवढेच जर्मन शब्द आणि टेसारऐवजी एकटे ‘टी’ हे अक्षर असते. अजाण ग्राहक अशा भिंगाला बनावट समजतो. जाणता ते आनंदाने उचलतो. विली मेर्टे यांच्या ‘बिओटार’ भिंगावरून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे ‘हेलिओस-४४’ सिद्ध झाले आणि झेनिट कॅमेऱ्यांबरोबर जगभर गेले. त्याचे केंद्रांतर ५८ मि.मी. आहे, कारण भिंगामागे हलत्या आरशास जागा ठेवावयाची, तर त्या काळच्या आराखड्यांना भिंग थोडे लांब करणेच सोयीचे होते.

१९४९ साली ड्रेस्डेन येथे तयार झालेल्या काँटॅक्स एस या कॅमेऱ्याने भिंग बसविण्यासाठी ४२ मि.मी. व्यासाचा आट्यांचा जोड रूढ केला. तोच प्राक्टिका, झेनिट आणि १९५७ नंतर जपानच्या पेंटॅक्सनेही स्वीकारला. एका जोडामुळे येना, मॉस्को आणि तोकियो येथील भिंगे एकाच कॅमेऱ्यावर बसू लागली. १९७५ साली पेंटॅक्सने हा जोड सोडला, इतरांनीही हळूहळू सोडला, आणि लक्षावधी उत्तम भिंगे पोरकी झाली. ती पुन्हा कामास आली ती आरसा नसलेल्या अंकीय कॅमेऱ्यांमुळे. त्यांत भिंग आणि चित्रपट्टिका यांमधील अंतर इतके कमी असते, की मध्ये एक पोकळ कडे बसविले म्हणजे जुने भिंग जागेवर येते.

हा सारा वृत्तांत ध्यानी घेतला, तर निसर्गचित्रकाराने अल्प पैशांत कोणते जुने भिंग निवडावे याचे उत्तर बहुतेक इतिहासच देतो. एफ/१.४ हे वेगवान भिंग महाग असते, त्यात एफ/२.८ च्या टेसारपेक्षा उघडपणे मिळते ते केवळ मोठे दार, आणि निसर्गचित्रात ते दार अर्धेअधिक मिटूनच ठेवावयाचे असते. एफ/८ ते एफ/११ या छिद्रावर चार काचांचे साधे भिंग आणि सात काचांचे उंची भिंग यांतील अंतर पुष्कळच मिटते. ५० मि.मी.चे भिंग एफ/११ वर ठेवून साडेसात मीटरवर नेमले, तर सुमारे पावणेचार मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे रेखीव उतरते. त्याची मोजपट्टी जुन्या भिंगाच्या गळ्यावर कोरलेलीच असते. अमेरिकेत १९३२ साली ॲन्सेल ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या मंडळाचे नाव लहान छिद्रावरून ‘एफ/६४’ असे ठेवले होते. मात्र तो आकडा त्यांच्या मोठ्या कॅमेऱ्यांचा. लहान चित्रपट्टिकेवर एफ/१६ च्या पुढे गेल्यास प्रकाश छिद्राच्या कडेवर वळून रेखीवपणाच घालवितो.

हेलिओसची किंमत अलीकडे वाढली, ती त्याच्या पार्श्वभूमीत उमटणाऱ्या भोवऱ्यांसाठी. ते भोवरे चेहऱ्याच्या चित्रातले. डोंगराला त्यांचे काय? सह्याद्रीच्या कड्यासाठी टेसार, इंडुस्टार किंवा पेंटॅक्सचे ५५ मि.मी. टाकुमार अधिक शहाणपणाचे. जुन्या टाकुमारांपैकी काहींच्या काचेत थोरियम असते आणि काळाने ती पिवळी पडते. काही दिवस उन्हात ठेवल्यास हा पिवळेपणा बराच ओसरतो.

नावापेक्षा प्रत्यक्ष नग पाहणे महत्त्वाचे. कोकण, गोवा आणि मुंबई यांच्या दमट हवेत भिंगाचा खरा वैरी बुरशी होय. विजेरीचा झोत आरपार टाकला, की तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. असे भिंग कितीही स्वस्त असले तरी सोडावे. छिद्राच्या पात्यांवर तेल नसावे आणि नेमणीचे कडे सहज फिरावे. मग दूरच्या इमारतीवर भिंग नेमून एफ/८ वर चित्र घ्यावे आणि चारी कोपरे ताडून पाहावे; एकच कोपरा पुसट असेल, तर आतील काच सरकलेली आहे. भिंग अनंतापर्यंत नेमले जाते की नाही, हे तर निसर्गचित्रकाराने प्रथम पाहावे. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यांवर आट्यांचे भिंग पोकळ कड्याने अनंत गाठत नाही. कॅननच्या तशा कॅमेऱ्यांवर गाठते. आणि कॅमेऱ्याची चित्रपट्टिका लहान असेल, तर ५० मि.मी. हे मानक भिंग राहत नाही. दीडपट लहान पट्टिकेवर ते ७५ मि.मी.सारखे अरुंद पाहते. तेथे २८ किंवा ३५ मि.मी.चे भिंग घ्यावे.

एके काळी बडोद्यात तयार होणारा अगफा क्लिक कॅमेरा कित्येक मराठी घरांत होता. त्याचे भिंग साधे आणि मंद होते. लखलखीत उन्हात घाटमाथ्यावर उभे राहून घेतलेली त्याची चौकोनी चित्रे आजही घराघरांतील जुन्या वह्यांत डकविलेली आढळतात, आणि त्यांतील डोंगर ओळखू येतात. वोलास्टनपासून चालत आलेली गोष्ट तीच आहे. जो देखावा थांबावयास तयार आहे, त्याच्यापुढे मोठ्या दाराचे भिंग लागत नाही. उरलेला पैसा मग रेल्वेच्या तिकिटाला आणि एका भक्कम तिकाटण्याला उपयोगी पडतो.