आरोग्यव्यवस्था-संशोधनाचे अग्रक्रम

रोगाचे कारण किंवा त्यावरील औषध शोधणे हा वैद्यकीय संशोधनाचा विषय होय. तर ज्ञात असलेले उपाय लोकांपर्यंत का पोहोचत नाहीत, ते कोणामार्फत व किती खर्चात पोहोचवावेत, यांचा अभ्यास आरोग्यव्यवस्था-संशोधनात केला जातो. निधी व मनुष्यबळ मर्यादित असल्याने कोणता प्रश्न आधी हाती घ्यावयाचा, याची निवड करणे अपरिहार्य ठरते.

भारतात १९११ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’चे १९४९ मध्ये ‘भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद’ असे नामांतर झाले. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये ग्रामीण प्राथमिक आरोग्यसेवेचा आराखडा मांडला. १९८१ मध्ये उपर्युक्त परिषद व भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाने लोकाधिष्ठित पर्यायी व्यवस्था सुचविली; त्यात जे. पी. नाईक यांचा मोठा वाटा होता. १९९० मध्ये एका आंतरराष्ट्रीय आयोगाने दाखवून दिले, की जगातील टाळता येण्याजोग्या अकाली मृत्यूंपैकी सु. ९३ टक्के विकसनशील देशांत होत असता त्यांच्या प्रश्नांवर संशोधनखर्चाचा जेमतेम ५ टक्के भाग खर्च होत होता. प्रत्येक देशाने आपले अग्रक्रम स्वतः ठरवावेत, अशी शिफारस त्याने केली. केंद्र शासनाने २००७ मध्ये स्वतंत्र आरोग्य संशोधन विभाग स्थापन केला.

स्थानिक प्रश्नातून राष्ट्रीय धोरण कसे घडते, याचे उदाहरण विदर्भातच आढळते. अभय व राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत नवजात अर्भकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने सु. ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये ही पद्धती आशा कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारण्यात आली.

यवतमाळ जिल्ह्याचा अनुभव याहून वेगळा आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ च्या केंद्रीय मदत योजनेत विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांचा समावेश झाला, त्यांत यवतमाळ होता. त्या योजनेचा भर मुख्यतः कर्ज व सिंचन यांवर होता. मानसिक आरोग्यासाठी शासनाचा ‘प्रेरणा’ प्रकल्प २०१५ मध्ये आला. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात सु. वीस शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले, तर शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कपाशीची वाढलेली उंची, कीटकनाशकांची मिश्रणे व संरक्षक साधनांचा अभाव ही कारणे चर्चिली गेली. विषबाधेवरील उपचार वैद्यकास ज्ञात होते. परंतु १९६८ च्या कायद्यान्वये कीटकनाशकांची नोंदणी कृषी मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, विक्रेत्याचा सल्ला दुकानात मिळतो आणि रुग्ण मात्र आरोग्यखात्याकडे येतो. या तिन्हींमधील दुवा कोणत्याही एका खात्याच्या अभ्यासात बसत नाही.

अग्रक्रम ठरविताना केवळ मृत्यूंची संख्या मोजल्यास असे हंगामी व विशिष्ट भागापुरते प्रश्न मागे पडतात. म्हणून तज्ज्ञांबरोबर जिल्ह्यातील परिचारिका, आशा कार्यकर्ती व फवारणी करणारा मजूर यांचेही म्हणणे निवडीच्या वेळीच विचारात घेणे अगत्याचे ठरते.