खाचेतला शत्रू

दिवाळीच्या तोंडावर समया नि तबके चिंचेने घासावयास काढली, की गृहिणीचा जीव मेटाकुटीस येतो तो नक्षीपाशी. सपाट पितळ हां हां म्हणता लखलखते. खाचेतली काजळी मात्र हटता हटत नाही. वैद्यकाच्या इतिहासात मला ही खाच जागोजाग भेटते.

एकोणिसाव्या शतकात शस्त्रवैद्यांच्या हत्यारांना लाकडी वा हस्तिदंती मुठी असत, काहींवर कोरीव कामही असे. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवावयास लावले. १८६७ साली लिस्टरने कार्बोलिक ॲसिडचा उपाय जगापुढे मांडला. पुढे हत्यारे उकळण्याची व वाफविण्याची रीत आली. त्या देखण्या मुठींना ती सोसेना, म्हणून शतक सरता सरता अखंड धातूची, गुळगुळीत हत्यारे आली.

हाच धडा आपल्या पिंपरीनेही गिरविला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने १९५४ साली सरकारने तेथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना काढला आणि पुढल्याच वर्षी पेनिसिलीन तयार होऊ लागले. पेनिसिलीनची बुरशी मोठ्या टाक्यांत वाढते. टाकी, नळ, आत सोडावयाची हवा, सारे निर्जंतुक लागते. एखाद्या सांध्यात वा झडपेच्या कोपऱ्यात वाफ पोचली नाही, तर तेथे तगलेले जंतू टाकीभर पेनिसिलीनचा नाश करू शकतात.

आता रुग्णाच्या उशाशी असलेले यंत्र पाहा. त्याच्या बटणांना लागलेला हातच रुग्णालाही लागतो. जुन्या सुट्या बटणांच्या फटींत मळ साचे. आता पुष्कळ यंत्रांत बटणे प्लॅस्टिकच्या अखंड पापुद्र्याखाली असतात. आतली धातूची चिमुकली टिकली दबली, की बोटाला ‘टिक्’ कळते. अक्षरे पापुद्र्याच्या मागल्या अंगाला छापतात, म्हणजे पुसून झिजत नाहीत. जंतुनाशक द्रावणांपुढे पॉलिकार्बोनेटपेक्षा पॉलिएस्टरचा पापुद्रा अधिक टिकतो. २०२० च्या साथीत यंत्रे वारंवार पुसावी लागली, तेव्हा या बारीकसारीक गोष्टींचे मोल उमगले.

पिंपरी ते चाकण हा पट्टा मोटारींच्या सुट्या भागांसाठी नावाजलेला. तेथला कारागीर केसाइतका फरक मापतो. वैद्यकीय यंत्राचा फलक आखताना त्याने आणखी एक माप घ्यावे, असे मला वाटते: रात्रपाळीला फडके घेऊन येणाऱ्या मावशींच्या बोटांचे. जेथे ती बोटे पोचत नाहीत, तेथे डॉक्टरांची विद्याही अपुरी पडते.