ताम्रपट, हवा आणि विजेचा सांठा

शके ९३० मध्यें, म्हणजे इ. स. १००८ सालीं, शिलाहार रट्टराजानें अव्वेश्वराच्या देवालयासाठीं दिलेल्या दानाचे तीन ताम्रपट खारेपाटणास सांपडले. सणफुल्लापासून दहा राजांची वंशावळ त्यांवरून कळते. हजार वर्षें ही अक्षरें टिकलीं कशीं? हवा लागून तांबें काळवंडतें, हिरवें होतें; पण तेंच पुट घट्ट बसून आंतील धातु राखतें.

विद्युत्-घटांत वापरावयाच्या लिथियमचें तसें नाहीं. दमट हवेंत त्यावर चढणारें पुट सच्छिद्र असतें. धातु आंतआंत झिजत जाते, वीज सांठविण्याची शक्ति घटते. म्हणून ते पत्रे अत्यंत कोरड्या खोलींतच हाताळतात.

हवा एकच, भेद आवरणाचा. ‘आचंद्रार्क’ चालावयाचें दान आपल्या पूर्वजांनीं तांब्यावर कोरविलें, यांत केवढा अनुभव होता!